चाळणी स्वच्छ होती

"पुन्हा म्हणा," हेस्टर म्हणाली.

डॉक्टर रॅडनर यांनी लाल पेन्सिल टेबलावर ठेवली आणि नोंदवही तिच्याकडे फिरवली. "मिसेस ट्रेझाइज, एकोणनव्वद नंबरचा नमुना बाद. चाळणी धुतलेली नव्हती. आता यात भांडण्यासारखं काय आहे?"

"भांडण्यासारखं हेच आहे की ती धुतलेली होती."

नोंदवहीत त्या नमुन्यासमोर ताजी लाल अक्षरं होती: 'दूषित. चाळणी अस्वच्छ.' आणि त्याच ओळीत, नमुना धुणाऱ्याच्या रकान्यात, तिची आद्याक्षरं. म्हणजे पुढे कधीही कुणी ही वही उघडली की गुन्हा आणि गुन्हेगार शेजारी शेजारी सापडणार. सव्वीस वर्षांत लाल पेन्सिल हेस्टरच्या नावाजवळ फिरकली नव्हती.

हेस्टर ट्रेझाइज साठीची विधवा बाई. पोर्ट ऑर्लोच्या बंदरावर पूर्वी लोकरीचं गोदाम होतं, त्यात ही खडक तपासणारी प्रयोगशाळा थाटलेली. मर्व्ह कॉलिस बाहेरून खडकांचे तुकडे आणायचा. हेस्टर ते सोड्याच्या पाण्यात उकळायची, नळाखाली बारीक पितळी चाळणीवर धुवायची, उरलेला गाळ चुलीवर वाळवायची आणि मग चौकोन आखलेल्या काळ्या तबकात पसरून सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले शिंपले वेचायची. शिंपले म्हणजे किनाऱ्यावर पोरं गोळा करतात ते नव्हेत. हे खसखशीपेक्षा बारीक, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी जाऊन बसलेले. ब्रशचं टोक ओठांवर ओलं करायचं, एकेक शिंपला टिपायचा आणि डिंक लावलेल्या पट्टीवर ठेवायचा. कुठली जात कुठल्या काळातली ते ठरलेलं असतं, त्यामुळे शिंपला ओळखला की खडकाचं वय कळतं. ओळखण्याचं काम कागदोपत्री डॉक्टरांचं. प्रत्यक्षात हेस्टरने पट्टीवर जाती आधीच वेगळ्या लावून दिलेल्या असायच्या, आणि आधीचे तीन डॉक्टर खाली सही ठोकून जेवायला जायचे. हे चौथे. मेलबर्नहून आलेले, वय चौतीस, आणि दुर्दैवाने कामसू.

"अकरा हँटकेनिना सापडल्यात," डॉक्टर म्हणाले. "खालच्या करड्या थरातली जात. वरचा पिवळा थर बनायच्या कितीतरी आधी ती जगातून नाहीशी झाली. अठ्ठ्याऐंशी नंबरचा नमुना करड्या थरातला, एकोणनव्वद पिवळ्यातला. दोन्ही तुम्ही एकाच दिवशी, एकाच चाळणीवर, एकामागोमाग धुतले. आता तुम्हीच सांगा, त्या अकराजणी पिवळ्यात काय चालत गेल्या?"

पुस्तकातलं नाव हेस्टरला ठाऊक होतं, पण ती त्यांना काटेवाल्या म्हणायची. चार-पाच फुगीर खोल्या गोलाकार मांडलेल्या आणि प्रत्येक खोलीला एक लांब काटा.

"कशा गेल्या ते मला माहीत नाही. माझ्या चाळणीतून गेल्या नाहीत, एवढं माहीत आहे. त्यातली एक तरी निळी आहे का?"

हा निळा प्रकार त्या कामातला रिवाज होता. प्रत्येक नमुन्यानंतर चाळणी घासायची आणि निळ्या रंगात बुडवायची. जाळीत एखादा जुना शिंपला अडकून राहिलाच तर तो निळा होतो, आणि पुढच्या नमुन्यात आला की चोर पकडला जातो. या रंगाने हेस्टरच्या बोटांची टोकं कायमची निळी झाली होती. रविवारी चर्चमध्ये ती हातमोजे घालून बसायची.

"निळी नाही, म्हणजे त्या दिवशी तुम्ही रंगात बुडवायला विसरलात."

"मी जेवायला विसरेन, डॉक्टर. नवऱ्याच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशीसुद्धा मी चाळणी बुडवून घरी गेले होते. आणि त्यांचे काटे बघा ना. सगळे बुडापाशी तुटलेले."

"चाळणीत तुटले."

"चाळणीत तुटलेला काटा फुटक्या बशीसारखा तुटतो, कड धारदार राहते. यांची टोकं झिजून गोल झालीत. अंगाने तपकिरी पडल्यात. अठ्ठ्याऐंशीतल्या पांढऱ्याशुभ्र आहेत. बघा तरी!"

डॉक्टर वाकले. हेस्टरने मनात मोजलं, दहासुद्धा झाले नाहीत.

"बघितलं. हे तुमचं मत झालं. या किनाऱ्याच्या थरांचा नकाशा शुक्रवारी छापखान्यात जातोय आणि मला मतं छापता येत नाहीत. चाळणी एकदा अस्वच्छ निघाली म्हटल्यावर त्या महिन्यातले बाकीचे बावीस नमुनेही मला वगळावे लागणार, ते वेगळंच." मग त्यांचा आवाज मऊ झाला, आणि तो हेस्टरला जास्त लागला. "मिसेस ट्रेझाइज, तुम्ही हल्ली मान वाकडी करून बघता. मी पाहिलंय. वयाने होतं असं, त्यात लाज कसली? सोमवारपासून तुम्ही खाली खोक्यांच्या कोठीत बसा. पगार तोच राहील."

डोळ्याचं खरं होतं.

"मी खडक पुन्हा आणते," ती म्हणाली. "त्याच जागेवरून. तुमच्यासमोर धुते. शुक्रवारच्या आत."

"मर्व्ह उद्या पेलिकन कड्याकडे जातोच आहे. तो आणेल."

"मर्व्ह आणेल आणि तुम्ही म्हणाल मर्व्हने पिशव्यांची अदलाबदल केली. मी जाणार."

"वेचणाऱ्या बायका कड्यावर जात नाहीत."

"कुठे लिहिलंय?"

डॉक्टरांनी नकळत नोंदवहीकडे पाहिलं. तिथे काही ते लिहिलेलं नव्हतं.

दुपारी गोदामाच्या मागच्या पायऱ्यांवर हेस्टर आणि बेव्ह डबा घेऊन बसल्या. बेव्ह टंकलेखनाचं काम करायची, तिशीची, आणि भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येईल अशाच जागी तिचं टेबल होतं.

"अगं, सोडून दे ना," बेव्ह म्हणाली. "खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि रेडिओ ऐकायचा. शिवाय कुणी डोकावणारसुद्धा नाही. मला कुणी कोठी दिली तर मी नाचत जाईन."

"मला कोठी नको असं मी म्हटलं का?"

"मग?"

"कशासाठी पाठवतोय ते मला नको."

बेव्हने सँडविच कागदावर ठेवलं. "डोळ्याचं ते... खरंय?"

जूनमध्ये हेस्टर शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. पिकायला वर्ष लागेल, मग कापू, मग जाड भिंगाचा चष्मा, आणि नंतर सूक्ष्मदर्शकाचं काम जमेल न जमेल. तेव्हापासून प्रत्येक तबक ती दोनदा वेचायची. एकदा नेहमीसारखं, आणि मग पुन्हा पहिल्या चौकोनापासून, फक्त डाव्या डोळ्याने. त्यासाठी नऊऐवजी सातला येऊन बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, सकाळी गारवा असतो. आजवर तिने कुणालाही ताकास तूर लागू दिला नव्हता.

"खरंय," ती म्हणाली.

"अरे देवा!"

"ओरडू नकोस. डोळा गेलाय, चाळणी नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बेव्ह. आणि तो पोरगा एकीच्या जोरावर दुसरी माझ्या गळ्यात मारतोय. आज मी डोळ्याचं कबूल केलं ना, की झालं. सगळे म्हणतील, बघा, दिसतच नव्हतं बिचारीला. बिचारी! सव्वीस वर्षं घासलेली चाळणी एका दिवसात घाण होईल."

"मग सांगायचंच नाही?"

"सांगेन. आधी चाळणी, मग डोळा."

बेव्हला ही क्रमवारी फारशी कळली नाही, पण हेस्टरचा आवाज असा लागला होता की तिने पुढे विचारलं नाही.

बुधवारी सकाळी मर्व्हची जीप दाराशी आली. नोव्हेंबर महिना, म्हणजे तिकडचा उन्हाळा तोंडावर, उत्तरेचा वारा भट्टीचं दार उघडल्यासारखा, आणि माश्या. मर्व्ह पन्नाशी ओलांडलेला, गप्पिष्ट माणूस, पण त्या दिवशी पाच मैल त्याने तोंड उघडलं नाही. सहाव्या मैलाला उघडलं.

"म्हणजे तुझी चाळणी स्वच्छ निघाली की माझ्या पिशव्या घाण. असंच ना?"

"तसं निघालं तर तसं."

"वा! आणि मी तुला जीपमधून नेतोय. माझ्यासारखा गाढव मीच."

"पिशव्या घाण होत्या का?"

"नव्हत्या."

"मग गाडी चालव."

आणखी काही मैल गेल्यावर मर्व्ह खाकरला. "हे बघ, हेस्टर. मी सांगतो साहेबाला, पिशवी फाटली होती, खडक खाली सांडला, मी परत भरला. मला कोण काय करणार? दोन वर्षांनी मी मासे मारायला मोकळा. तू तुझी जागा सांभाळ."

हेस्टरने त्याच्याकडे पाहिलं. माणूस मनापासून बोलत होता, आणि तिला भरून आलं. पण तिला भरून आलं की ती जास्तच तिखट बोलायची.

"खोटं बोलून मला वाचवू नकोस, मर्व्ह. मी बुडालेली नाही."

पेलिकन कडा तिने कधीच पाहिला नव्हता. त्याचे शिंपले ती ओठांच्या ओल्या ब्रशने एकेक करून ओळखत आली, काही तर जिभेवरही गेले असतील, पण कडा बघायला तिला कुणी नेलं नव्हतं आणि तिनेही कधी मागितलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी कोण स्वतःहून कामाच्या जागी जातं? आता वर उभी राहून ती खाली बघत होती आणि तिला स्वतःचाच राग येत होता. मागायला काय झालं होतं?

खाली उतरायची वाट वाईट होती. तिचा गुडघा अर्ध्यातच बोलायला लागला, तेव्हा ती सरळ बसली आणि घसरत उतरली. मर्व्ह वरून ओरडला, "राणीसाहेबांची स्वारी येतेय! बाजूला व्हा!"

"तू उतर आधी, मग बोल. फ्रॉकचं मागचं सगळं पिवळं झालंय, ते खडकातच मोज."

पायथ्याशी आल्यावर ते दिसलं. खाली करडा थर, ओल्या मातीसारखा घट्ट. त्यावर पिवळा, हाताने चुरगळेल असा. दोन्हींच्या मधली रेघ बरोबर तिच्या खांद्याच्या उंचीवर. मर्व्हने आपल्या जुन्या खुणा दाखवल्या, रेघेच्या खाली एक खळगा, वर हातभर अंतरावर दुसरा. हेस्टरने निळी बोटं रेघेवर ठेवली आणि हळूहळू सरकवत नेली. उजव्या डोळ्याचा इथे काही संबंध नव्हता. बोटांना रेघ सरळ लागेना. ती वरखाली होत होती, कुरतडल्यासारखी. आणि रेघेच्या लगेच वर, पिवळ्या खडकात, काहीतरी घट्ट आणि गोल लागलं. मग आणखी एक. ख्रिसमसच्या पुडिंगमध्ये मनुका असतात तसे करड्या खडकाचे छोटे गोळे पिवळ्यात अडकून बसले होते.

"मर्व्ह, हे गोळे कधीपासून आहेत?"

"माझ्या आधीपासून," मर्व्ह म्हणाला.

"कधी बोलला नाहीस ते?"

"कुणी विचारलं? साहेबांना पिशवीभर खडक लागतो, मी पिशवीभर खडक देतो. गोळे मैलभर आहेत असे."

हेस्टर करड्या थराला पाठ टेकून उभी राहिली. समोर समुद्र कड्याच्या पायाशी येऊन आपटत होता, माघारी जाताना थोडी माती घेऊन जात होता. तेव्हाही त्याने हेच केलं होतं. करडा थर आधी कडक झाला, मग समुद्राने तोच कुरतडला. त्यातल्या कधीच्या मेलेल्या काटेवाल्या थडग्यातून उकरून काढल्या, वाळूत लोळवल्या, काटे झिजवले, आणि नंतर पिवळा गाळ बसत होता त्यात पुन्हा पुरल्या. खडक नवा, त्यातले अकरा शिंपले जुने. डॉक्टरांनी लावलेली थरांची वयं चुकली नव्हती आणि तिची चाळणीही घाण नव्हती. इतकं सोपं होतं, आणि दहा मोजेपर्यंत बघितलं असतं तर टेबलावरच कळलं असतं. तिला इतका आनंद झाला आणि इतका संताप आला की तिने समुद्राकडे बघून मोठ्याने एक शिवी दिली. ती कुणाला होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

"ऊन लागलं हिला," मर्व्ह म्हणाला आणि चहासाठी काटक्या गोळा करायला गेला.

डब्यात उकळलेला काळा चहा आणि घरून आणलेल्या दोन पेस्ट्या, मटण आणि सलगम भरलेल्या, मोठ्या करंज्यांसारख्या. खाऊन झाल्यावर हेस्टरने जागा दाखवली. गोळा नको, रेघ नको, जुन्या खळग्याशेजारी निव्वळ पिवळा खडक. मर्व्हने डोक्याएवढा ठोकळा अखंड काढला. तो वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधला आणि सुतळीच्या गाठीवरून कागद चिकटवून दोघांनी त्यावर सह्या केल्या.

"खुनाचा पुरावा नेतोय की काय आपण?" मर्व्हने विचारलं.

"त्यापेक्षा कमी नाही," हेस्टर म्हणाली.

गुरुवारी सकाळी तिने तो ठोकळा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. शेजारी दुकानातून आणलेल्या नायलॉनच्या लांब मोज्यांचं न उघडलेलं पाकीट, आणि बेव्हच्या स्वयंपाकघरातलं कोरं पातेलं.

"हे काय आहे?" डॉक्टर म्हणाले.

"खडक, पातेलं आणि चाळणी. माझी पितळी चाळणी कपाटात आहे, किल्ली ही घ्या. तुम्ही स्वतः कपाट लावा. आज ती लागायची नाही. पाकीट तुम्हीच फोडा, सह्या तपासा, सुतळी कापा."

डॉक्टरांना हसू आलं होतं, पण ते वाईट माणूस नव्हते. नकाशा शुक्रवारी जायचा असला तरी त्यांनी सुतळी कापली. हेस्टरच्या सांगण्यावरून त्यांनी ठोकळ्याची सगळी बाहेरची बाजू करवतीने काढून टाकली आणि मधला मुठीएवढा गाभाच पातेल्यात घातला. तो भिजला, उकळला, दुहेरी केलेल्या मोज्यातून नळाखाली धुतला गेला. धुताना हेस्टर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती. पाणी कसं सोडायचं तेवढं सांगत होती. "हळू. बाळाच्या डोक्यावर घालतात तसं." डॉक्टरांना मूल नव्हतं, पण त्यांनी नळ बारीक केला.

गाळ वाळला तेव्हा साडेबारा झाले होते. डॉक्टर म्हणाले, "घ्या, वेचा."

"नाही. तुम्ही."

"मी? मी काही वेचत नाही, मिसेस ट्रेझाइज. माझा हात—"

"मी वेचलं तर तुम्ही म्हणाल मी घरून आणून टाकल्या. किंवा म्हणाल, तिला काय दिसलं आणि काय नाही कोण जाणे. बसा."

डॉक्टर तिच्या स्टुलावर बसले. ते त्यांना फार खाली होत होतं. त्यांनी ते फिरवून वर घ्यायचा प्रयत्न केला, पण सव्वीस वर्षांत त्याचा आटा गंजून बसला होता. शेवटी ते कुबड काढूनच बसले. हेस्टरने भिंतीशी खुर्ची ओढली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली, दंतवैद्याकडे नंबर लावून बसतात तशी.

पहिला तास डॉक्टरांचा ब्रशवर ताबा मिळवण्यातच गेला. शिंपला उचलला जायचा नाही, उचलला तर उडायचा. "ओठावर ओला करा," हेस्टर म्हणाली. "नळाच्या पाण्याने नाही. नळाचं पाणी फार होतं." दुसऱ्या तासाला त्यांनी कोट काढला. कामासाठी म्हणून बेव्ह दोनदा आत येऊन गेली, तिसऱ्यांदा आली तेव्हा काम सांगायचंही विसरली. मर्व्ह दारात टेकून उभा होता. पिवळ्या थरात असायला हवेत ते सगळे शिंपले भराभर निघत होते, गोलमटोल, साधे. काटेवाली एकही नाही.

अडीच वाजता हेस्टरच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. मुठीएवढाच गाभा. नसलीच त्यात एखादी तर? समुद्राने काय प्रत्येक मुठीत मोजून टाकल्या असतील? तिला वाटलं, उठावं आणि म्हणावं, सरका, मला बघू द्या. ती उठली नाही. पर्सची पट्टी मात्र तिने इतकी पिळली की शिवण उसवली.

तीन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी भिंग फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"खुंट," ते म्हणाले. "पाच खोल्या. प्रत्येकीवर एक खुंट. तपकिरी."

या वेळी डॉक्टर दहा नव्हे, चांगले शंभर मोजेपर्यंत बघत राहिले. मग अठ्ठ्याऐंशी नंबरची पट्टी मागवून घेतली, ती शेजारी ठेवून बघितली. चार वाजेपर्यंत आणखी तीन निघाल्या. चारही झिजलेल्या.

"जुन्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "खालच्या थरातून वाहून वर आल्यात. म्हणजे मध्ये समुद्राने करडा थर कापला असणार. पण मग दोन्हींच्या सीमेवर त्याचे तुकडे मिळायला हवेत."

"मैलभर आहेत," मर्व्ह दारातून म्हणाला. "कुणी विचारलं नाही."

डॉक्टर उठले. पाठ सरळ करताना त्यांच्या तोंडून कण्हणं निघालं. त्यांचा चेहरा उजळला होता, शोध लागलेल्या माणसाचा असतो तसा, आणि हेस्टरला दिसलं की यांना आता काल-परवाचं काही आठवतच नाही. "हे प्रसिद्ध करायला हवं! नकाशावर इथे दोन थरांमध्ये काळाचा खंड पडलेला दाखवावा लागेल, उद्या सकाळी छापखान्याला कळवतो. मिसेस ट्रेझाइज, कमाल आहे, खरोखर—"

"आधी वही," हेस्टर म्हणाली.

"हो, हो. अर्थात." त्यांनी नोंदवही ओढली, ड्रॉवरमधून खोडरबर काढला आणि लाल अक्षरांवर टेकवला.

"खोडायचं नाही."

"अहो, चूक माझी होती. काढूनच टाकतो."

"या वहीत कुणी काही खोडत नाही, डॉक्टर. माझं चुकलं तेव्हाही मी खाली दुसरी ओळ लिहिली आहे, बारा नंबर आणि एकशे सहा नंबर, बघा हवं तर. तुमची ओळ राहू दे. खाली लिहा. तारीख घाला."

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मर्व्ह छताकडे बघू लागला. मग डॉक्टरांनी खिशातलं शाईचं पेन काढलं आणि लिहिलं. लिहून झाल्यावर वही तिच्याकडे फिरवली. 'नमुना निर्दोष. जुने शिंपले खडकातलेच आहेत. चाळणी स्वच्छ होती.' खाली पूर्ण सही आणि तारीख, १८ नोव्हेंबर १९७१.

हेस्टरने वाचलं. पुन्हा वाचलं. मग पर्स खुर्चीवर ठेवून ती उभी राहिली.

"आता दुसरी गोष्ट. सोमवारपासून मी खाली कोठीत बसते."

"छे, छे! ते मी मागे घेतो. ही जागा तुमचीच आहे."

"माझा उजवा डोळा जूनपासून गेलाय. मोतीबिंदू आहे. तेव्हापासूनचं प्रत्येक तबक मी दोनदा वेचलंय, त्यात काही राहिलेलं नाही, हवं तर कुठलंही उघडून तपासा. पण आता डावाही लवकर थकतो. पुढच्या हिवाळ्यात माझ्याकडून काहीतरी राहील. ते राहायच्या आत मी उठते."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "मग... मग हे सगळं कशासाठी? मंगळवारी मी हेच तर म्हणत होतो."

"मंगळवारी तुम्ही मला घाणेरडी चाळणी म्हणून खाली पाठवत होतात," हेस्टर म्हणाली. "मी डोळा गेला म्हणून जातेय. हे एक नाही."

बेव्ह दारात रडत होती. तिने ते लपवलंही नाही.

"आज ठरवू नका," डॉक्टर हळूच म्हणाले. "दोन दिवस विचार करा."

"विचार जूनपासून चाललाय. ठरलंय." तिने टेबलाकडे पाहिलं. "एकदा बघू द्या मला त्या."

डॉक्टर बाजूला झाले. हेस्टर स्टुलावर बसली, मान तिला सवय झाली होती तशी डावीकडे झुकवली आणि या वेळी तिने ती लपवली नाही. भिंग थोडं फिरवलं. काळ्या चौकोनात चौघी होत्या, झिजलेल्या, तपकिरी, दोनदा पुरलेल्या. ती एकेकीवरून सावकाश जात राहिली. बेव्हची बस बंदराच्या कोपऱ्यावर येऊन थांबली, भोंगा वाजवून निघून गेली. मर्व्हने टोपी काढून हातात धरली होती. डॉक्टरांच्या मागे भिंतीशी खुर्ची होती, पण हेस्टर उठेपर्यंत ते बसले नाहीत.